बाहीखालची वेल

मे महिन्याच्या घामातही झुलेखाबीच्या बाह्या मनगटापर्यंत असत. कल्याणच्या खाडीकडच्या मोहल्ल्यातल्या सगळ्या बायका तिच्याकडूनच पोलकी शिवून घेत आणि वर तिलाच चिडवत, "आमच्या बाह्या कोपरापाशी कापतेस, मग स्वतःच्या शिवताना कात्री सापडत नाही का गं?" ती हसून दोरा तोडायची आणि मशीनचं चाक फिरवायची.

डाव्या हाताच्या बाहीखाली पाच हिरवे ठिपके होते आणि त्यांतून निघालेली बोटभर लांबीची वेल.

झुलेखाबीचा जन्म मानमोडीच्या तापाच्या साथीतला. तिला जेमतेम महिना झाला आणि आई गेली. अब्बा कळव्याच्या मिठागरावर मुकादम होते. तान्ही पोर कापडात गुंडाळून ते मीठ ओढणाऱ्या रखमाबाईच्या दारात जाऊन उभे राहिले. रखमाबाईची कलावती तेव्हा तीन महिन्यांची होती. "दोघी पितील," एवढंच म्हणून त्या आगरणीनं पोर घेतली. अब्बांनी दुसरं लग्न करून तिला कल्याणला आणलं, तोवर सात वर्षं दोघी एकाच गोधडीत झोपल्या. मधल्या एका उन्हाळ्यात पाड्यावर गोंदणारीण आली आणि दोघी एकसारखी वेल घेऊन उठल्या.

कल्याणला आल्यावर चाचीनं, अब्बांच्या भावजयीनं, ती वेल पाहिली आणि तोंडावर हात ठेवला. तेव्हापासून बाही खाली आली ती आलीच. झुलेखाबीचं लग्न झालं, मुलगा झाला, नवरा पोटाच्या दुखण्यानं गेला, शिवणाचं मशीन आलं. बाही तिथेच राहिली.

मोहल्ल्यात कुणी बाई गेली की तिला शेवटची आंघोळ घालायला हाजराबुबूला बोलावत. चोपन्न साली हाजराबुबू सत्तरीला आली होती. तीन वर्षं झुलेखाबी तिच्याबरोबर जात होती. ती बोरीची पानं घालून पाणी उकळायची, ते कोमट करायची आणि हाजराबुबू सांगेल तसं ओतायची. हाजराबुबूनं पहिल्याच दिवशी तिला बजावलं होतं, "इथं जे दिसेल ते इथल्याच पाण्याबरोबर जाऊ द्यायचं. बाहेर एक शब्द नाही. माणूस आता स्वतःला झाकू शकत नाही, म्हणून आपण झाकायचं." झुलेखाबीला हे काम मनापासून आवडत होतं, पण आवडतं असं म्हणायची तिला चोरी वाटे.

त्या मेअखेरीस एका घरचं काम आटोपून बायका ओसरीवर बसल्या होत्या. हाजराबुबू म्हणाली, "माझी मनगटं गेली आता. यापुढे झुलेखा करील."

"हिच्या बाह्या तर बघा, चिंब!" भात गिरणीवाल्यांची बिल्किस म्हणाली. बिल्किसचा आवाज मोठा आणि हात त्याहून चपळ. "वर का करत नाहीस? सोन्याच्या पाटल्या दडवल्यात?" आणि हसता हसता तिनं बाही वर सारली.



"या अल्ला. हे गोंदण?" बिल्किसनं हात सोडला. "अगं, याच्याखाली पाणी पोचत नाही. म्हणजे नमाजाआधी हातपाय धुतेस तो तुझा वजूच होत नाही. वजू नाही तर नमाजही नाही. आणि तू आमची मयत धुणार? माझ्या अम्मीला तरी मी तुझा हात लावू देणार नाही. अजून मनगटाएवढा शेपटा आहे तिचा, हजारात एक. पाक हातानंच सुटला पाहिजे तो."

झुलेखाबी ओली बाही खाली ओढून घरी गेली.

ती लहानपणापासून ज्या गोष्टीला भीत होती तीच बिल्किस मोठ्यानं बोलली होती. तीस वर्षांच्या नमाजा. नवऱ्यासाठी, मुलाच्या तापासाठी मागितलेल्या दुआ. त्यांतली एकही पोचली नसेल तर? दुसऱ्या दिवशी तिनं वाण्याकडून एका डबीत चुना आणि पापडखार आणला. दोन्ही एकत्र कालवून लावलं की कातडी जळते आणि गोंदण जातं, हे तिला ऐकून माहीत होतं. पण डबी उघडायच्या आधी एका माणसाला सांगणं भाग होतं. ती ठाण्याला उतरली आणि खाडीवरचा पूल चालत ओलांडून कळव्याला गेली.

कलावती अंगणात बोंबील उलटत होती. "काय गो बाय, ह्या उनान कशी आयलीस?"

झुलेखाबीनं डबी समोर ठेवली आणि सगळं सांगितलं.

कलावतीनं ऐकून घेतलं. मग आपला हात तिच्या पुढ्यात टाकला. तेच पाच ठिपके, तीच वेल, उन्हानं जरा काळवंडलेली. "मंग माजा पन हात जाल. आये गेली तवा तिचा काय ठेवलाव आपून? ना दागिना, ना दोरा. ह्योच."

"मला काय आनंद होतोय का गं?"

"आनि आयेला बोल लावू नको. ती नाय नाय करीत व्हती. मुकादमाला इचारते, मंग बघू, बोलली. तूच लोलन घातलीस मातीत. कलीला वेल, मना का नाय? गोंदनारनीचा पदर सोडीनास."

हे झुलेखाबीला आठवत होतं. चाचीला किंवा नवऱ्याला तिनं कधी सांगितलं नव्हतं ते हेच. हात कुणी धरून ठेवला नव्हता. तिनंच पुढे केला होता.

तिचे डोळे भरलेले पाहून कलावती मऊ झाली. "इचार तुमच्या मोठ्या मानसाला. त्या गिरनीवालीला काय कलतंय? त्यानं जाल सांगितला तर मीच हात धरीन तुजा. तवर ही डबी मजपाशी."

म्हणून झुलेखाबी हाजराबुबूला घेऊन मशिदीच्या खतीबसाहेबांच्या घरी गेली. ते आत खाटेवर बसले आणि या दोघी दाराच्या पडद्याअलीकडे. हाजराबुबूनं रखमाबाईच्या दुधापासून सगळा प्रश्न मांडला.

"गोंदणं हराम आहे," खतीबसाहेब म्हणाले. "ते मी गोड करून सांगणार नाही. गोंदणारी, गोंदवून घेणारी, केसांना माणसाचे केस जोडणारी, साऱ्यांवर पैगंबरांनी, रसूलुल्लाहंनी, लानत केली आहे. वय काय होतं?"

"सहा," झुलेखाबी स्वतःच बोलली. "पण जबरदस्ती नव्हती. मी हट्ट केला. रडले."

पडद्यामागून बारीक हसू आलं. "सहा वर्षांची पोर चंद्रासाठीही रडते, बेटी. अजाण मुलावरून लेखणी उचललेली असते. त्याचं काही लिहिलं जात नाही. जी जाणतेपणी, स्वखुशीनं करून घेते तिनं तौबा करावी आणि इजा होणार नसेल तर काढावं. तू यात बसतच नाहीस. कशानं काढणार होतीस?"

"चुना आणि पापडखार."

"म्हणजे अल्लानं दिलेली धड कातडी जाळून त्याला खूश करणार? लढाईत एका सहाबींचं, पैगंबरांच्या साथीदाराचं, नाक कापलं गेलं होतं. चांदीचं बसवलं तर ते चिघळलं. तेव्हा रसूलुल्लाहंनीच त्यांना सोन्याचं बसवायला सांगितलं. दुखणं हटवायची वाट आहे आपल्याकडे. नसलेलं दुखणं ओढवून घ्यायची नाही."

"आणि वजू?" ती पडद्याकडे सरकली. "पाणी पोचतं का?"

"रंग कातडीच्या वर आहे की खाली?"

"खाली."

"आणि वजूचं पाणी पोचायला हवं ते कातडीवर. मग?"

झुलेखाबीनं पदर तोंडाशी धरला. हाजराबुबू तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"त्या दूध पाजणाऱ्या बाई आहेत का अजून?" आतून विचारलं.

"नाहीत."

"त्यांची मुलगी तुझी बहीण लागते. जात जा तिच्याकडे."

पावसाळा सरत असताना बिल्किसची आई कुलसुमबी गेली. हाजराबुबू उठायच्या स्थितीत नव्हती. बिल्किस स्वतः झुलेखाबीच्या दारात आली. रडून तिचा आवाज बसला होता. "चल," एवढंच म्हणाली.

मागच्या पडवीत पडदा बांधला होता. झुलेखाबीनं दोन्ही बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या. बिल्किसनं वेलीकडे पाहिलं आणि तांब्या उचलला.

बाईला आंघोळ घालताना केस सोडून धुवायचे आणि त्यांच्या तीन वेण्या घालायच्या, अशी रीत. झुलेखाबीनं शेपटा सोडायला घेतला. तिसऱ्या पेडापाशी तिची बोटं थांबली. आत काळा गोफ होता. मनगटाएवढ्या त्या शेपटाचा निम्म्याहून अधिक भाग कुणा परक्या बाईच्या केसांचं गंगावन होतं.

बिल्किसनंही ते पाहिलं. तिच्या हातातला तांब्या कलला. आईचा शेपटा तिनं जन्मभर मिरवला होता.

झुलेखाबीनं गाठ सोडवली, गंगावन ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि आपल्या पाठीमागे ठेवलं. मग म्हणाली, "पाणी ओत, बिल्किस. कोमट आहे ना, बघून ओत."

उरलेल्या केसांच्या तिनं तीन बारीक वेण्या घातल्या. घाई न करता, एखाद्या शाळेत निघालेल्या मुलीच्या घालाव्यात तशा.

सारं आटोपल्यावर बिल्किस तांब्या घेऊन तिच्यापुढे बसली. झुलेखाबीनं हात पुढे केले. पाणी कोपरापासून मनगटाकडे ओघळलं, पाच ठिपक्यांवरून, वेलीवरून. बिल्किस ते बघत राहिली. मग तिनं पुन्हा तांब्या भरला.

"पोचतंय गं," ती हळूच म्हणाली.

"हो," झुलेखाबी म्हणाली आणि पदरानं हात पुसला.

दिवाळीच्या आधी ती कळव्याला गेली तेव्हा तिच्या पोलक्याच्या बाह्या कोपरापाशी संपत होत्या. पिशवीत कलावतीसाठी शिवलेलं तसंच दुसरं पोलकं होतं. ते अंगाला लावून कलावती म्हणाली, "दंडाला घट होतंय गो." मग आत जाऊन चुन्याची ती डबी घेऊन आली. डबी रिकामी, घासून लखलखीत केलेली होती. तिच्यात तिनं झुलेखाबीसाठी सुक्या कोलंबीचे सोडे भरून दिले.