महोत्सवापुरता मुक्काम

सकाळी धुकं असं दाटलं होतं, की अंगणापलीकडची कोळशाची खोलीही दिसेना. किल्लीवाल्या बाईने संगीतकाराच्या जन्मघराच्या पायऱ्या धुतल्या, दालनात खुर्च्या मांडल्या आणि मग नवऱ्याला उठवलं. या घराची राखण करण्यात तिचा जन्म गेला होता. मागची खोली नोकरीबरोबर मिळालेली. संगीतकाराच्या नावाने दरसाल इथे भरणाऱ्या महोत्सवाच्या अध्यक्षांनी बजावलं होतं, "बाई, गेल्या साली तुमच्या मालकांचा खोकला ध्वनिमुद्रणात आला. यंदा आला, तर खोली सोडा."

म्हणून नवऱ्याला धरून धरून तिने कोळशाच्या खोलीत नेलं, पोत्यांवर निजवलं.

"आमच्यापेक्षा त्या मेलेल्याची बडदास्त बरी," तो धापा टाकत म्हणाला. "मीही मरून बघतो. भरवतील माझाही महोत्सव."

"जीभ हासडीन! घटकाभर गप पडा."

"मी पडेन गं. या छातीला कोण सांगणार?"

संगीतकाराने मरणाच्या अंथरुणावर अर्धीच सोडलेली रचना शेवटी वाजायची. तेवढा वेळ दाराला आतून कुलूप, आणि वाद्यं थांबली तरी अध्यक्ष उठेपर्यंत कुणी हलायचं नाही, अशी तिथली रीत. किल्ली बाईकडे.

व्हायोलिनं सुरू झाली. दाराशी उभ्या बाईला मात्र अंगणातला खोकलाच ऐकू येत होता. आधी सुटा, मग लागोपाठ, दम न घेता. तिने किल्ली कुलपात घातली. खट्ट वाजलं. पहिल्या रांगेतून अध्यक्षांनी मान वळवून असं पाहिलं, की तिने किल्ली पुन्हा बाहेर काढली. डोक्यावरचं छप्पर गेलं, तर या माणसाला घेऊन जायचं कुठं?

तेवढ्यात खोकला थांबला. 'लागला डोळा एकदाचा,' म्हणून तिने निःश्वास सोडला आणि ती तिथेच उभी राहिली.

अध्यक्ष उठले, टाळ्या पडल्या, तशी ती दार उघडून धावली. तो भिंतीला टेकून बसला होता. पांघरुणाचा बोळा तोंडात कोंबलेला, दातांत घट्ट धरलेला. जबडा दाबून तिने बोळा काढला. कापड आलं, श्वास काही आला नाही.

"बाई, यंदा अगदी छान..." म्हणत अध्यक्ष दारात आले आणि थबकले. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "मालकांना... खोलीत हलवू या?"

"हलवा. आता नाही खोकायचे ते."

दोघा वादकांनी त्याला उचलून पलंगावर ठेवलं. तिने त्याचे पाय सरळ केले, डोळे मिटले, तोंडाभोवतीचा कोळसा पदराने टिपला. डॉक्टर यायला अवकाश होता. दालनात बुटांचा चिखल वाळत चालला होता. तिने बादली भरून आणली आणि कोपऱ्यापासून फरशी पुसायला घेतली.