फेरआकारणी पुढच्या वर्षी!

घरपट्टीच्या ऑफिसात पगार कधी साठला नाही, किस्से मात्र रग्गड साठले! पन्नासच्या दशकात मी अंधेरीला इन्स्पेक्टर होतो. कुणाचं घर वाढलं, भाडं वाढलं, की ते पुन्हा बघून पट्टी नव्याने ठरवायची. याचं नाव फेरआकारणी. आमचे प्रधानसाहेब ती दर वर्षी पुढे ढकलायचे. "माणसं कुठायत रे? पुढच्या वर्षी बघू!"

*

परुळेकरांनी नवं घर बांधलं, पण गिलावाच करेनात. घर झकास दिसलं तर पट्टी वाढेल ना! "इन्स्पेक्टर बघून जाऊ दे, मग रंग काढू." इन्स्पेक्टर म्हणजे मी, आणि मला हुकूमच नाही!

शेवटी परुळेकरकाकूंनी मला भाजीबाजारात गाठलं. "काय वाढवायचं ते वाढवा, पण एकदाचे या हो! मुलीला बघायला येणारे भिंती बघूनच परत जातात!"

*

सावंतांची मागची खोली वादळात पडली. पट्टी मात्र जुनीच, सगळ्या खोल्यांची. बिचारे ऑफिसात आले.

साहेब म्हणाले, "फेरआकारणीत कमी होईल. पण ती पुढच्या वर्षी."

सावंत उठले. "असं होय? मग खोलीला सांगतो, तू पण पुढच्या वर्षी पड!"

साहेबांनी दुसऱ्याच दिवशी मला खोली बघायला पाठवलं. गेलो. खोलीच नाही, बघणार काय!

*

पट्टी वाढेना, म्हणून तिजोरीत खडखडाट. रस्त्यांची वाट लागलेली. एकदा देसाई वकील शेजाऱ्यांना घेऊन तावातावाने आले. "साहेब, रस्ता आहे की विहीर?"

"करू ना दुरुस्त," साहेब म्हणाले. "उद्यापासून तुमच्या गल्लीत फेरआकारणी सुरू करतो."

वकिलांनी शेजाऱ्यांकडे पाहिलं. "तसा... चालण्यासारखा आहे हो रस्ता!"

*

मग वरून हुकूम आला आणि खरंच घरोघर निघालो. एका जागेची नोंद होती 'गोठा'. जाऊन बघतो तर खिडक्यांना पडदे, आत रेडिओ चालू! दारात एक आजी तांदूळ निवडत बसलेल्या.

"आजी, गोठा तो हाच ना?"

"हाच की."

"आणि म्हशी?"

"त्या सरकारने आरे कॉलनीत नेल्या."

"मग आता गोठ्यात कोण राहतं?"

आजींनी माझ्याकडे नीट बघितलं, सूप खाली ठेवलं आणि आत हाक मारली,

"अहो, बाहेर या बघू! साहेब म्हशी मोजायला आलेत!"