एक कॉक उघडा

वनमालाचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. त्या वेळी गावात मोबाइलचं नेट मोकळं असतं आणि चूल पेटवायला अजून अवकाश असतो. पाटावर बसून, समोर लॅपटॉप ठेवून ती काम करी. लॅपटॉप जुना होता. नवरा हरिओम पुण्यात कामाला. त्याने तो तिकडून पाठवलेला. चहा नंतर, काम आधी.

मग भाकरी करून ती जीपने केजला जाई. तिथे भीमाशंकर आप्पांचं ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. वनमाला अंबाजोगाईला कॉम्प्युटर शिकलेली. आप्पांनी तिला बिलं करायला ठेवलं होतं.

त्या दुकानात काही पेट्या धूळ खात पडल्या होत्या. शेतात पेटी बसवायची, पाणी सोडायचे हाताने फिरवायचे साधे कॉक काढून विजेवर उघडणारे कॉक लावायचे, की पेटी ठरल्या वेळी मोटर आणि कॉक चालू-बंद करते. पण पेटीला फक्त आकड्यांच्या ओळी कळत. कोणता आकडा म्हणजे काय, हे इंग्रजी पुस्तकात. लोक पेटी नेत आणि आठवड्यात परत आणत.

वनमालाला त्यातली एक पेटी घरच्या शेतात हवी होती, पण बिलांच्या पगारात ती बसत नव्हती. आमच्याकडे शेतीची वीज एक आठवडा दिवसा येते, एक आठवडा रात्री. रात्रपाळीला हातात बॅटरी घेऊन कॉक फिरवायला तिची सासू वच्छलाबाई जाई. मागच्या हिवाळ्यात ती अंधारात चारीत पडली आणि मनगट मोडलं. हाड जुळलं, मुठीत जोर आला नाही. तरी जायची ती.

"मी जाते, आत्याबाई," वनमाला म्हणे.

"तुला उजेडात मीठ सापडत न्हाई. अंधारात कॉक कुटं सापडायलाय?"

लोक बोलतात तशा मराठीत फोनवरून संदेश टाकावा आणि त्याच्या पेटीच्या ओळी व्हाव्यात, असं वनमालाने ठरवलं. मी तिचा शेजारी, जन्मभर पाईपलाईनचं काम केलेला, म्हणून तिने मला ते माझ्या सामानात समजावलं. "मामा, तुमी पायपाचे एल्बो, टी घरी ओतता का? दुकानातून आणता आन् जोडता. तसंच हाय." लोकांनी इंटरनेटवर फुकट ठेवलेली, तयार प्रोग्रामची एक लायब्ररी तिने घेतली होती. वाक्य कसं असतं याचे नियम आपण लिहून द्यायचे. वाक्य वाचून त्याचे तुकडे सुटे करणारा भाग लायब्ररी बनवून देते. त्या तुकड्यांपासून पेटीच्या ओळी मात्र आपणच तयार करायच्या. या दुसऱ्या भागाला ती कंपायलर म्हणे.

साधी वाक्यं लवकर जमली. मग दीड तास, पाऊण तास, "सव्वादोन घंटे" आलं. "तिसऱ्यालाबी तेवढंच" आलं. कोणी कॉक म्हणे, कोणी वाल. चारीचंही असंच असतं. खोल खणायला वेळ लागत नाही, तळ एका उतारात आणायला लागतो. पावसाळा गेला, हिवाळा संपत आला. पहाटेचं काम एकदाही चुकलं नाही, हे मी शेजारून पाहिलं आहे.

आप्पा म्हणाले, "बाई, आपल्याला पेट्या इकायच्या हायत, शाळा न्हाई काढायची."

"एका मळ्यात लावून बघा, आप्पा."

त्यांनी सुंदररावांचा पपईचा मळा निवडला. सुंदरराव मोठे शेतकरी. त्यांचं ऐकून चार गावं माल घेतात. तिथे उन्हाळाभर पेटी चालली, तर सगळ्या गिऱ्हाइकांचं काम वनमालाकडे, पगार वाढवून. नाही चालली, तर बिलं.

पहिल्याच दिवशी पाईप फुटला. ती लाईन माझ्या हातची होती, म्हणून काम सोडल्यावरही मला बोलावलं. मी गेलो तेव्हा सांधा निसटून पाणी पपईच्या दोन ओळींत भरलं होतं. सुंदरराव बांधावर उभे होते. इतकी वर्षं कॉक फिरवणारा त्यांचा सालगडी सटवा शेजारी बसून तंबाखू मळत होता.

"आप्पा, पेटी काढून न्या," सुंदरराव म्हणाले. "सटवा पेटीपेक्षा शाना हाय."

"बघा की," सटवा म्हणाला, "मी कवा पाईप फोडला का?"

"पगार मागताना डोकं फोडतोस बे, तेवढं पुरं हाय."

वनमालाने सुंदररावांचा संदेश पाहिला. 'पहिला कॉक दीड तास. मग तो बंद करून दुसरा चालू करा.' संदेश बरोबर होता. पेटीला गेलेल्या ओळीही संदेशाबरहुकूम होत्या. तिने त्या पुन्हा वाचल्या. आप्पा घड्याळाकडे बघत होते.

मी चारी उकरली, सांधा कापून नवा बसवला. तो वाळल्यावर वनमाला म्हणाली, "सटवाभाऊ, पेटी बंद ठेवते. पाणी तुमी हातानं बदलून दावा."

मोटर सुरू झाली. सटवा उठला. दुसरा कॉक अर्धा उघडला, पाण्याचा आवाज ऐकला, मग पहिला मिटवत आणला आणि दुसरा पूर्ण सोडला.

"तुमी आदी पुढचा उघडला," ती म्हणाली.

"मग? आदी मागचा मिटला तर पानी कुटं जाईल, माझ्या धोतरात?"

"पण मालक तर आदी बंद करा म्हणत्यात."

"समदेच तसं म्हणत्यात. करत कुनीच न्हाई."

वनमाला खाली बसली. "माहेरी मीबी असंच फिरवायची," ती म्हणाली. "सांगताना मीबी उलटंच सांगितलं असतं."

सगळी चूक तेवढीच होती. पहिला कॉक मिटल्यापासून दुसरा उघडेपर्यंत मोटर चालू होती आणि पाण्याला वाट नव्हती. दाब सांध्यावर आला.

आप्पा म्हणाले, "कागद छापू. आदी उघडा, मग बंद करा, असं ल्ह्या म्हणून सांगू."

"न्हाई आप्पा. लोक बोलत्यात तसंच बोलू द्या. हे कंपायलरनं बघायचं."

सुंदररावांनी आठ दिवस दिले. ती दुकानातून रजा घेऊन बसली. आता कंपायलर ओळी पेटीला धाडण्याआधी सगळं काम आतल्या आत एकदा चालवून बघे. मोटर चालू आणि सगळे कॉक मिटलेले, असा क्षण कुठे येत असेल तर उघडणं आधी, मिटणं मागून. पुढचा कॉकच सांगितलेला नसेल, तर पेटीला काहीच जाणार नाही. शेतकऱ्याला उलट संदेश येईल. मोटर बंद झाल्यावरही एक कॉक उघडा राहील, कारण आमच्याकडे ऑटो स्विच असतात. वीज आली की मोटर आपोआप सुरू होते. हे शेवटचं तिला दोन दिवसांनी सुचलं. तोवर झालेलं बरंचसं तिने पुन्हा लिहिलं.

आठव्या दिवशी सुंदररावांनी मुद्दाम वाकडा संदेश टाकला: 'मोटर चालू. सगळे कॉक बंद.'

फोन वाजला. 'मोटर चालू असताना सगळे कॉक बंद होतात. एक तरी उघडा ठेवा. काहीही सुरू केलेलं नाही.'

त्यांनी आणखी फिरवून फिरवून लिहिलं. दर वेळी तेच उत्तर आलं. सटवा वाकून बघत होता.

"मालक, ही तर माझ्यावानीच उलट बोलायली."

"तुझ्यावानी न्हाई. ही तंबाखू मागत न्हाई."

मग त्यांनी नेहमीचा संदेश टाकला. दुसरा कॉक उघडला, मग पहिला मिटला. मी सांध्यावर हात ठेवून होतो. सांधा कोरडा होता.

पेटी मळ्यात राहिली आणि उन्हाळाभर चालली. सटवा आता फवारणी बघतो. आप्पांनी शब्द पाळला. दुकानातल्या पेट्या पावसाळ्याआधी विकल्या गेल्या. वनमालाचं पहाटेचं काम सुटलं नाही. नवं गिऱ्हाईक नवं वाक्य आणतं.

वाढीव पगाराचं काय घेणार, असं गल्लीतल्या बाया विचारत. फ्रीज घे, म्हणत. दिवाळीनंतर त्या पगारातून एक पेटी आणि चार कॉक घरच्या शेतात आले. बसवायला मी गेलो.

त्या आठवड्यात रात्रपाळी होती. वच्छलाबाईने पहिल्या दिवशी सुनेच्या फोनवर स्वतः बोलून संदेश टाकला, आणि बॅटरीतले सेल काढून भिंतीवरच्या बंद घड्याळात घातले.