काटा खोटा हाय, आबा

मी अंगद. मुकुंदवाडी स्टेशनजवळ माझं दुकान आहे. दुकान म्हणजे एक शटर, एक टेबल आणि मी. गाड्यांचे मीटर दुरुस्त करतो. इंजिनाला हात लावत नाही, ब्रेकला लावत नाही. स्टिअरिंगच्या मागं जे काटे असतात तेवढीच माझी जहागीर. कानाचा डॉक्टर असतो तसंच हे, फक्त मला कुणी डॉक्टरसाहेब म्हणत नाही. 'ए मीटर' म्हणतात.

बारा वर्षं या धंद्यात काढली आणि त्यातनं एक खोड लागली. माझ्याकडं येणारा प्रत्येक काटा खोटारडा असतो. खरं बोलणारा माझ्या दुकानात कशाला येईल? टाकी गच्च भरलेली असताना रिकामी दाखवणारा येतो, गाडी झाडाखाली उभी असताना तिला चाळीसनं पळवणारा येतो, दिवे लावले की इंजिन तापल्याची बोंब मारणारा येतो. रोज हेच बघून मला दुनियेतल्या सगळ्याच काट्यांचा संशय यायला लागला. भिंतीवरचं घड्याळसुद्धा मी मोबाइलमध्ये वेळ बघून मगच खरं मानतो.

पण गिऱ्हाइकाच्या गाडीला मी पद्धत सोडत नाही. काटा लालवर जातो अशी तक्रार आली, तर आधी इंजिन थंड होऊ द्यायचं आणि झाकण उघडून पाणी बघायचं. पाणी बरोबर असेल तर सेन्सरची वायर काढायची. काटा खाली पडला की तीच वायर इंजिनाच्या लोखंडाला टेकवायची. सरकन वर गेला म्हणजे मीटर चांगला, सेन्सर गेला. दिवे लावल्यावरच चढत असेल तर अर्थिंगचा नट ढिला. सगळं मिळून अर्ध्या तासाचं काम. काटा खरा का खोटा हे तपासल्याशिवाय बोलायचं नाही, असं मी गिऱ्हाइकांना दटावून सांगतो. लोक मान डोलावतात आणि मला बरं वाटतं.

आता लग्नाचं सांगतो. माझं वय छत्तीस. पहिल्या स्थळाला माझ्या वडलांची मेंढरं नको होती. दुसऱ्या ठिकाणी मुलीच्या वडलांनी सहज विचारलं, काम काय असतं, आणि मी टाकीतलं पेट्रोल मोजणारा फ्लोट कसा खाली-वर होतो ते सांगायला बसलो. पाऊण तास. मधेच ते म्हशीला पाणी दाखवून येतो म्हणून उठले ते परत आलेच नाहीत. तिसरीला शेंद्र्याच्या कंपनीत पर्मनंट असलेला मुलगा पाहिजे होता. माझ्या दुकानात पर्मनंट म्हणजे फक्त धूळ.

चौथं स्थळ बिडकीनच्या पुढच्या एका वस्तीवरचं आलं. मुलगी सुकेशनी, बिडकीनला रक्त तपासायच्या लॅबात कामाला. फोनवर एकदा बोललो, पाचच मिनिटं. तिनं विचारलं, "काम आवडतं का तुम्हाला?" इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. त्यानंतर दोन दिवस मी दुकानात उगाच शिट्टी वाजवत बसलो. मला ती मनापासून पाहिजे होती, लपवायचं कशाला. मायनं मात्र आधीच दम भरला, "हे मोडलं तर मी आता कुणाच्या दारात जायची नाय, सांगून ठिवते."

माझे वडील केरबा, आम्ही आबा म्हणतो. चिकलठाण्याच्या मागं, घरं बांधायच्या आधी जे प्लॉट मोकळे पडलेत, तिथं अजून चाळीस मेंढरं चारतात. बोलणं कमी. एखादं मेंढरू जरा मागं राहिलं की जाऊन त्याच्या कानाला हात लावतात आणि म्हणतात, ह्याला ताप हाय. मी लहानपणापासून हे बघत आलो आणि तेव्हापासनं मनात म्हणत आलो की सगळा अंदाजपंचे कारभार आहे. मी पडलो शिकलेला. आयटीआय.

आमच्याकडं एक जुनी गाडी आहे. मुलगी बघायला जायच्या चार दिवस आधी तिच्या तापमानाचा काटा निम्म्याच्या वर जायला लागला. मी बॉनेट उघडलं नाही, पाणी बघितलं नाही, वायर काढली नाही. काटा म्हटला की खोटा, आणि घरच्या गाडीचा म्हटल्यावर तर सवडीनं बघू. गाडी धुतली मात्र दोनदा. आत गुलाबाचा स्प्रे मारला.

रविवारी अकराला पोचायचं होतं. आबा धुतलेला पटका बांधून पुढं बसले, माय पेढ्यांचा पुडा मांडीवर घेऊन मागं. एप्रिलचं ऊन आणि पैठण रोडला रस्त्याचं काम, त्यामुळं गाड्या मुंगीच्या पावलानं चालल्या होत्या. चितेगावच्या अलीकडं आबा म्हणाले, "अंगद, काटा लालवर गेलाय बघ."

"काटा खोटा हाय, आबा."

"वास यायलाय कसला तरी. गोड."

"गुलाबाचा हाय. मीच मारलाय."

"गुलाबाचा नाय. पायाला झळ पण लागायलीय."

मागनं माय म्हणाली, "आरं थांब की जरा. ते म्हणतेत तर बघ उतरून."

मग मी गाडी चालवत चालवत व्याख्यान दिलं. सेन्सर म्हणजे काय, अर्थिंग म्हणजे काय, काटे कसे माणसाला येडं बनवतात. शेवटी म्हणालो, "बारा वर्षं मी हेच करतो, तुम्ही मला शिकवू नका." हे मी खरंच बोललो. वडलांना. स्वतःसाठी मुलगी बघायला त्यांना घेऊन जाताना. आबा काच खाली करून बाहेर बघत बसले.

चितेगाव सोडलं आणि लालवर टेकलेला काटा एकाएकी घसरला, तो पार तळाला थंडावर जाऊन बसला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. "बघा आबा," मी म्हणालो, "एवढ्या उन्हात गाडी थंडगार दाखवायलाय. आता तरी पटलं का?"

असं का होतं ते कुणाही मीटरवाल्याला विचारा. सेन्सर पाण्यात बुडालेला असतो, तो पाण्याची उष्णता मोजतो. पाणीच संपलं की त्याला मोजायला काही उरत नाही आणि काटा खाली पडतो. म्हणजे चार दिवस तो खरं बोलत होता तेव्हा मी त्याला खोटं ठरवलं, आणि शेवटी एकदाचा खोटं बोलला तेव्हा मी गाडीत जल्लोष केला. गिऱ्हाइकांना मी हे शंभरदा समजावून सांगितलंय. हातवारे करून.

बिडकीन दोन किलोमीटरवर असताना इंजिनातनं खडखड आवाज आला, बॉनेटच्या फटीतनं वाफ निघाली आणि गाडी जागेवर थांबली. इंजिन जाम. उतरून बघितलं तर पाण्याचा रबरी पाइप फाटलेला, आणि पाण्यात घातलेल्या कूलंटचा गोड वास सगळीकडं. चार दिवसांपूर्वी बॉनेट उघडलं असतं तर चहा होईस्तोवर बदलून झाला असता.

मायनं मुलीच्या वडलांना, कारभारींना, फोन लावला. ते ट्रॅक्टर घेऊनच आले. दोर बांधला आणि म्हणाले, "बसा पाव्हणं, स्टिअरिंग नीट धरा." असा मी मुलगी बघायला गेलो. ट्रॅक्टरमागं धूळ खात, बंद गाडीचं स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून. वस्तीवरची माणसं ओट्यावर येऊन उभी राहिली. एकानं विचारलं, "कारभारी, काय वढून आणलं?" कारभारी म्हणाले, "जावई व्हतो का बघायलोय."

घरात पोहे आले. सुकेशनी चहाचा ट्रे ठेवून समोर बसली. कारभारींनी विचारलं, "झालं काय गाडीला?"

"मीटर खराब व्हता," मी म्हणालो. तोंडातनं निघूनच गेलं.

सुकेशनी म्हणाली, "मीटर तर तुम्हीच दुरुस्त करता ना?"

मायनं पदर सारखा केला. आबा एका वाक्यात माझं पितळ उघडं पाडू शकले असते. रस्त्यात मी त्यांना जे बोललो ते नुसतं सांगितलं असतं तरी पुरे होतं. ते पोह्यातले शेंगदाणे बाजूला काढत बसले. त्यांना दात नाहीत. मला लई लाज वाटली, रस्त्यात वाफ निघाली तेव्हाही एवढी वाटली नव्हती.

"मीटर चांगला व्हता," मी म्हणालो. "मी तपासला नाय." मग सगळंच सांगितलं. चार दिवसांचं, वासाचं, झळीचं, माय थांब म्हणाली त्याचं, मी आबांना काय बोललो त्याचं. काटा पडल्यावर केलेला जल्लोष तेवढा गाळणार होतो, पण तोही सांगितला.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आमच्याकडं रिपोर्ट विचित्र आला तर आम्ही परत तपासतो. मशीनला एकदम खोटं ठरवत नाय आणि माणसालापण नाय. काट्याचं तुम्ही ऐकलं नाय. आबांचं ऐकलं नाय. आई थांब म्हणाल्या तरी थांबला नाय. उद्या मी काही सांगितलं तर ऐकाल का?"

व्हय म्हणायला काही लागत नाही. सगळे तेच ऐकायला बसले होते आणि माय तर डोळ्यांनी ढकलत होती. पण त्या खोलीत माझं एक खोटं बोलून झालं होतं, दुसरं निघेना.

"माहीत नाय," मी म्हणालो. "मला सवय नाय ऐकायची."

"मग सवय झाली की या," ती म्हणाली. रागानं नाही. कप उचलले आणि आत गेली.

परतताना गाडी कारभारींच्याच दारात ठेवली आणि आम्ही बिडकीनवरनं काळीपिवळी जीप धरली. माय माझ्याशी बोलत नव्हती. मी आबांच्या शेजारी दाटीवाटीत बसलो होतो. चितेगाव आलं तेव्हा विचारलं, "आबा, तो वास कसा व्हता?"

मी थट्टा करायलोय का, हे त्यांनी आधी बघून घेतलं. मग म्हणाले, "गाभण मेंढरू खाणं सोडतं, तवा त्याच्या तोंडाला येतो तसा. गोड. तो आला म्हंजी मेंढरू आतनं जळायलंय समजायचं. बाहेरनं ताप लागत नाय, कान गार असतेत. मग आपण म्हणतो बरं हाय, आन ते मरतं." आणि मग शहर येईपर्यंत ते बोलतच राहिले. कोणतं मेंढरू कधी वाचलं, कोणतं कुणाच्या अंदाजानं गेलं. मी मधे एकदाही बोललो नाही. छत्तीस वर्षं या माणसाच्या घरात राहतोय आणि यातलं काही मला माहीत नव्हतं, याचं मला रडू येत होतं.

त्याला आता दोन महिने होऊन गेले. ऐकायची सवय लावायला लई जड जातं. माय म्हणाली नळ गळतो, की माझ्या ओठावर 'नाय गळत' येतं, मग उठून बघतो. गळत असतो. आबा म्हणतात आभाळ येणार, तर मी मोबाइल काढत नाही, कपडे आत घेतो. यात माझी फार मोठी प्रगती आहे असं मला वाटतं. माय हे सगळं दर चार दिवसांनी फोनवर सुकेशनीला सांगायची, हे मला फार उशिरा कळलं.

परवा कारभारींचा फोन आला. पोरगी म्हणते, रविवारी या.

गाडीचं इंजिन आता बांधून झालंय. पाइप नवा टाकलाय, पाणी मी रोज सकाळी बघतो, सेन्सर तपासला, मीटर दोनदा तपासला. मी म्हणालो, "काढतो गाडी."

मायनं आबांकडं बघितलं. आबा म्हणाले, "बसनं जाऊ."

गाडीत आता काडीचाही दोष नाही, हे मी कुणालाही लिहून देतो. तेच सांगायला मी तोंड उघडलं होतं.

"बसनं जाऊ," मी म्हणालो.