सगळ्यांचे खांब एका मापात

रोतिया आमच्या बेटावरच्या विहिरींचा खारटपणा मोजते. दर पौर्णिमेनंतर सायकलवरून चारही गावं फिरते, बाटलीत पाणी घेते, यंत्राची सळई बुडवते, आकडा टिपते. तिचा जीव मात्र एकाच विहिरीत अडकलेला असे, तिच्या दक्षिणेकडच्या गावाच्या. त्या विहिरीशेजारच्या खड्ड्यात तिच्या आईने लावलेलं बाबाई होतं. बाबाई म्हणजे अळूचाच थोरला भाऊ. कंद पोसायला वर्षं लागतात, आणि मुळाशी गोडं पाणी.

पाणी गोडं करणारं एक यंत्र बेटाला मिळणार होतं. ते कोणत्या गावाला द्यायचं हे राजधानीहून येणारा अधिकारी ठरवणार होता. रोतियाने त्याच्यासाठी आलेख काढला. आपल्या विहिरीची महिन्यामागून महिना जाणारी रेघ, आणि तिचे आकडे नीट पसरतील एवढंच माप. रेघ चढत गेली. असंच चाललं तर बाबाई जगणार नाही, हे कुणालाही दिसलं असतं.

कागद आधी मनेआबात, म्हणजे सभेच्या मोठ्या छपराखाली, वडीलधाऱ्यांपुढे गेला. तिथे सगळे जमिनीवर बसतात. कुणी कुणापेक्षा उंच बसत नाही.

थोरल्या तेबाकारोंनी कागद मांडीवर घेतला. "पोरी, ही रेघ कुणाची?"

"आमच्या गावची, आजोबा."

"वा! पार छपराला टेकली की. बाकीची गावं कुठे बसवलीस, बाहेर पावसात?"

हशा पिकला.

"दोन गावांचं पाणी अजून ठीक आहे. उत्तरेची विहीर तर समुद्राने केव्हाच घेतली. तिचं पाणी कुणी पीत नाही, छपराच्या पत्र्यावरून धरलेलं पावसाचं पितात."

"म्हणून त्यांना जागा नाही? सगळ्यांना एका कागदावर बसव. माप एकच."

तिने ऐकलं. प्रत्येक गावाला वर्षाच्या सरासरीचा एक खांब दिला. उत्तरेचा आकडा मावावा म्हणून माप मोठं घ्यावं लागलं. तो खांब माडासारखा उभा राहिला. बाकीचे तीन, खेकड्याने बिळाबाहेर टाकलेल्या वाळूएवढे. चढ दाखवायला रेघ लागते, ती गेली होती.

नवऱ्याने, किमाएरेने, कागद पाहिला. "यात आपला कुठला?"

"तो."

"हा? मला वाटलं पेन चुकून टेकलं."

"मग सभेत बोल की."

"मी? थोरल्यांसमोर? मी बापडा मासे धरतो."

अधिकाऱ्याने उंच खांबावर बोट ठेवलं. त्याचं चुकलं असं म्हणता येत नाही, कागद तेच सांगत होता. यंत्र उत्तरेला गेलं. तिथलं पाणी त्याला झेपण्यापलीकडे खारं होतं. थोड्याच दिवसांत ते बंद पडलं, अजून बंदच आहे.

दक्षिणेकडे बाबाईची पानं कडेने पिवळी पडली. रोतियाने कंद उपटले तेव्हा ते हातातच फुटले.

तेबाकारो खड्ड्याच्या काठाशी आले. मग म्हणाले, "पोरी, तुझी ती रेघ आण. सभेत दाखवू."

"विहीर इतकी खारट झालीय, की ती रेघ आता कागदात मावत नाही, आजोबा."

"मग माप मोठं घे."

तिने घेतलं. नव्या मापात बाबाईला मारणारा तो पहिला चढ कागदाच्या तळाशी जवळजवळ आडवा पडला आहे. खड्ड्यात तिने पुन्हा काही लावलेलं नाही.