झाकणाचं घर: इंदूर ते भोपाळ

नवं राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली आणि तिच्या मागोमाग माझ्या धाकट्या भावाची, श्रीधरची, बदली झाली. नोकरी भोपाळला, पगार भोपाळला, साहेबही भोपाळला. राहायचं कुठे, एवढंच ठरायचं बाकी होतं. क्वार्टर बांधणार आहेत, असं जो तो सांगत होता. आधी गेलेली मंडळी धर्मशाळेत खाटेला खाट लावून झोपत होती आणि त्यांच्या बायका इंदुरात सासूच्या हाताखाली दिवस काढत होत्या. ‘सोय झाली की नेतो’ हे वाक्य आमच्या गल्लीत रामराम घालावा तितक्या सहज म्हटलं जाई.

श्रीधरनं ते म्हटलं नाही. त्यानं महूच्या लष्करी डिस्पोजलमधला, म्हणजे मोडीत काढलेला, एक छोटा ट्रक लिलावात घेतला आणि घर बरोबरच न्यायचं, असं जाहीर केलं. हाच विचार आणखी कुणाच्या डोक्यात असेल (आणि या नव्या राज्यात सध्या तो असायला हरकत नाही), तर त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहिते. मी त्याची मोठी बहीण, शाळेत मास्तरीण. दुसऱ्याच्या चुका लाल शाईनं दाखवणं हा माझा पेशाच आहे.

ट्रक युद्धात दमलेला होता, म्हणून घर हलकं हवं, हा पहिला नियम. छावणीतल्या मिस्त्रीनं मागच्या बाजूला कमरेइतक्या उंचीचा प्लायवूडचा डबा बसवला. त्याला वरून झाकण. झाकण आणि डबा यांच्यामध्ये चारी बाजूंनी तंबूचं कापड शिवलेलं. चालताना झाकण खाली. थांबल्यावर ते वर ढकलायचं की कापड ताणून भिंती होतात आणि उभं राहता येतं. चार कोपऱ्यांना पाइपात पाइप आणि प्रत्येकात एक लोखंडी खिट्टी.

“भियाजी, ये मकान है कि टिफन?” मिस्त्रीनं विचारलं.

“टिफन ही समझो,” श्रीधर म्हणाला, “बस, ढक्कन नहीं टपकना चाहिए.”

लाकडी पलंगाऐवजी नवारीची खाट, तीही दुमडणारी. पितळी भांडी बाद, जर्मनची हलकी पातेली आत. पाण्याला हंड्याऐवजी लष्करी जेरीकॅन, चुलीऐवजी स्टोव्ह. देव्हाऱ्यातही छाटाछाट झाली. बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा एवढेच बदलीवर निघाले. खर्च किती आला ते विचारू नका, श्रीधरनंही मिस्त्रीला आधी विचारलं नव्हतं.

मग माझी भावजय कुमुद स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तिनं पाटा-वरवंट्याकडे बोट दाखवलं.

“अगं, तो दगड आहे!” श्रीधर म्हणाला.

“मला माहीत आहे. रोज मीच वाटते.”

“हलकं पाहिजे, हलकं! पूरा हिसाब बिघडेल.”

“पाटा मावेल तिथे मी मावेन,” कुमुद म्हणाली. “मी भोपाळपर्यंत येते. राहायचं की वन्संबरोबर परत फिरायचं, ते तिथं गेल्यावर सांगेन.”

वन्सं म्हणजे मी. दिवाळीच्या सुट्टीत मला भोपाळपर्यंत नेण्यात श्रीधरचा हेतू बहुधा वजन वाढवण्याचा नव्हता. कुमुदला परतीची सोबत असावी, असं आमच्या आईचं म्हणणं पडलं. आईच्या मते सुनेनं ट्रकमध्ये संसार करणं हे सर्कशीतलं काम होतं. लग्नाला तीन वर्षं झालेली. दोघांपैकी कुणालाच तेव्हा एकमेकांपासून इतकं लांब राहायचं नव्हतं, पण तसं स्पष्ट बोलण्याची आमच्या घरात पद्धत नाही. आमच्याकडे पाटा-वरवंट्यावरून बोलतात.

सकाळी निघालो. पुढे श्रीधर आणि आम्ही दोघी, मागे संसार. देवासपर्यंत डांबर आहे. पुढे डांबराची आठवण आहे. देवासला टेकडीच्या पायथ्याशी गाडी उभी करा, सावली चांगली आहे आणि कचोरी गरम मिळते. तिथेच घर पहिल्यांदा उघडलं. कुमुदनं आत वाकून दोन्ही हातांनी झाकण वर ढकललं, श्रीधर बाहेरून धावत चारही कोपऱ्यांत खिट्ट्या घालत गेला. तंबू ताणला गेला. कचोरीवाल्यासकट सगळा बाजार पाहायला गोळा झाला.

“सिनेमावाले हो क्या?” एकानं विचारलं.

“नहीं, सरकारी नोकर,” मी म्हणाले. त्याची उत्सुकता तिथेच संपली.

आत बसून चहा प्यालो. बरं वाटलं, हे कबूल करते. कापडातून ऊन गाळून येत होतं. कुमुद मात्र एकदा डोकं आपटल्यावर कपाळाला आठी घालून बसली होती. पाटा खाटेखाली बरोबर बसला होता; तिची अट पुरी झाली होती आणि त्याचाच तिला राग आला असावा.

सोनकच्छच्या पुढे खड्ड्यांची सलग वस्ती आहे. वेग ठेवू नका. पाटा प्रत्येक खड्ड्याला खाटेखालून बोलत होता आणि प्रत्येक वेळी श्रीधर “हलकं सांगितलं होतं” असं पुटपुटत होता. कुमुद खिडकीबाहेर पाहत होती.

आष्ट्याला पार्वती नदीच्या काठी मुक्काम केला. ही जागा मी सुचवीन: पाणी स्वच्छ आहे, गावात दाल-बाफले, म्हणजे वरणात कुस्करायचे कणकेचे गोळे, मिळतात, आणि तूप घालताना वाढणारा थांबत नाही. ऊन कलताना आम्ही दोघी नदीवर हातपाय धुवायला गेलो. परत आलो तर काठावरून एक देखावा दिसला.

श्रीधर एकटाच घर उघडत होता. तो आत शिरे, पाठीनं झाकण उचले, एक कोपरा वर जाई. मग खिट्टी घालायला बाहेर उडी मारे, तोवर कोपरा खाली. पुन्हा आत. पुन्हा बाहेर. एकदा त्यानं झाकणाला काठीचा टेकू दिला, काठी मोडली. एकदा त्याचा सदरा झाकणात अडकला आणि तो बाहेर, सदरा आत, अशी स्थिती काही वेळ राहिली.

मी हसले. कुमुद हसली नाही. ती वाळूत उभी राहून पाहत होती.

जवळ गेल्यावर तिनं विचारलं, “अहो, एकट्याला नाही का उघडता येत?”

“नाही,” तो म्हणाला. तो धापा टाकत होता.

“मग मी आलेच नसते, तर भोपाळला कसं उघडणार होतं?”

“उघडणारच नव्हतं.”

“मिस्त्रीला सांगितलं नाही का?”

“तो म्हणाला होता, स्क्रू लावून देतो, एका माणसाला फिरवून झाकण उचलता येईल. पण स्क्रू जड असतो.” मग सदरा झटकत म्हणाला, “आणि मला नको होता.”

कुमुद आत गेली, झाकण वर ढकललं. तो खिट्ट्या घालत फिरला. मी घाटाच्या पायऱ्यांवर बसून गावातून आणलेले बाफले मोडत राहिले. अशा वेळी मास्तरणीनं खायचं असतं.

सिहोरनंतर रस्ता सुधारतो. दुपारी भोपाळ. श्रीधरच्या खात्यातल्या एकानं जागा दाखवली: माळावर नव्या क्वार्टरांची आखणी झाली होती. विटा नाहीत, फक्त जमिनीवर चुन्याच्या रेघा. श्रीधरनं बराच वेळ त्यांच्यामधून फेऱ्या मारल्या आणि जिथं स्वयंपाकघर येणार होतं, नेमकं तिथं ट्रक उभा केला.

चौकीदार आला. “बाबूजी, यहाँ तो मकान बनेगा.”

“बन गया,” श्रीधर म्हणाला.

चौकीदारानं चाकांकडे पाहिलं, चुन्याकडे पाहिलं आणि जाऊन आपल्या जागी बसला. सरकारनं हे वाक्य ऐकलं असतं, तर त्यानंही असंच केलं असतं.

दुसऱ्या दिवशी इंदूरची बस सकाळची होती. मी पिशवी भरत होते, तेव्हा कुमुदनं खाटेखालून पाटा ओढून बाहेर काढला. वर वरवंटा ठेवला, दोन्ही चादरीत बांधले आणि गाठोडं माझ्या पायाशी आणून ठेवलं. मला वाटलं, झालं; अट मोडली, आता पाठोपाठ तिची ट्रंक येईल. श्रीधरलाही तेच वाटलं. तो चुन्याच्या रेघेवर उभा होता आणि ती रेघ चपलेनं पुसत होता.

“वन्सं, हा तुम्ही न्या.”

“आणि तू?”

“मी गेले तर झाकण कोण उचलणार?”

“आणि चटणी?”

“खलबत्ता घेऊ इथं. हलकं पाहिजे ना.” आणि श्रीधरकडे वळून, “अहो, तो चुना नका पुसू. भिंत आहे ती आपली.”

परतीच्या प्रवासात सांगण्यासारखं फारसं नाही. पाटा टपावर ठेवायला कंडक्टर तयार नव्हता, तेव्हा तो माझ्या पायांमध्ये बसून इंदूरपर्यंत आला. असा प्रवास करणाऱ्यांनी जाताना वजनाचा विचार करावा. येतानाचं वजन दुसऱ्याला उचलावं लागतं.

घरी आले. स्वयंपाकघरात फरशीवर पाट्याच्या जागी चौकोनी फिका डाग होता, त्यावर पाटा बरोबर बसला. आई दारात उभी राहून पाहत होती. बराच वेळ ती माझ्या मागे कुणी आहे का, हे शोधत होती.

“पाटा परत आला,” ती म्हणाली. “आणि सून?”

“वजन कमी करायचं होतं,” मी म्हणाले. “पाटा काढला.”

आईनं पदर खोचला, पाट्यासमोर बसली आणि मला म्हणाली, “खोबरं आण.” सगळं खोबरं तिनं एकटीनंच वाटून काढलं. चटणी दोघींना पुरून उरेल एवढी झाली. उरलेली तिनं बरणीत भरली, झाकण घट्ट लावलं आणि विचारलं, भोपाळला कुणी जाणारं आहे का.