भाकरी थापणारे हात

शेवटच्या सोमवारी आम्ही दोघांनी ज्वारीचं पीठ चाळलं आणि तुरुंगात गेलो. सुटायला आलेल्या कैद्यांना माझी बायको भाकरी शिकवायची. मी नुसतं ओझं उचलायचो. त्यातल्या सदाशिवनं स्वतःच्या बायकोचा गळा दाबलेला. त्याच हातांनी तो परातीत भाकरी इतकी हळुवार फिरवत होता, की ते हात तापल्या तव्यावर दाबून धरावेसे वाटले.

"ह्याला कशाला शिकवतेस?"

"अहो, बाहेर त्याला कोण करून घालणार? तुम्हाला तरी येते का?"

त्याच आठवड्यात माझी बायको हृदयविकाराच्या झटक्यानं गेली. त्यानं त्याची मारली, मी माझी नाही मारली. चूल दोघांचीही गारच.

तेराव्याला पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी सकाळी पीठ घेऊन मी तुरुंगात सदाशिवसमोर बसलो.

"तुझे हात तोडावेसे वाटतात मला," म्हणालो. "पण आधी दाखव, कशी थापायची."